साठ हजारांचा हिशेब

मी बीई झालो आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. आमच्या नात्यागोत्यात याचा अर्थ असा लावला जातो की मला प्रिंटर दुरुस्त करता येतो, वायफायचा पासवर्ड शोधून काढता येतो आणि 'कोणता लॅपटॉप घ्यावा' या प्रश्नाचं उत्तर पंगतीत भात वाढून होईपर्यंत देता येतं. मे महिन्यात निकाल लागले की असे फोन जास्त येतात. गेल्या वर्षीचा फोन मात्र वेगळा होता. काचीगुड्याला राहणारी माझी भाची सई हिला गेमिंग पीसी हवा होता, आणि तोही तयार विकत घ्यायचा नव्हता, एकेक भाग निवडून जोडायचा होता.

पैसे साठ हजार. त्यातले चोवीस हजार तिचे स्वतःचे. इंटरची दोन वर्षं ती बिल्डिंगमधल्या चौथी-पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होती. दहा हजार आजीने दिले. उरलेले सव्वीस हजार भावजींनी द्यायचे होते, आणि खरी अडचण तिथेच होती. भावजींचं मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. पैसा कसा येतो ते त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तो जाताना ते त्याच्याकडे बघत बसतात. त्यांनी अट घातली, "एकदाच देणार. पुढची चार-पाच वर्षं यासाठी एक रुपया मागायचा नाही. आणि डिग्रीचा सगळा अभ्यास, तुझं ते थ्रीडीचं काय ते, याच मशीनवर व्हायला पाहिजे." सईला पुढे गेम डिझाइनकडे जायचं आहे आणि ती ब्लेंडर शिकते आहे. म्हणजे एक चुकीचं कार्ड घेतलं तर फक्त एक गेम अडकणार नव्हता, तिचा बापाशी झालेला करारही मोडणार होता.

या विषयावर विचारणारे जवळजवळ सगळे जण "कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ" इथून सुरुवात करतात. मी विचारतो, पडदा कोणता? १९२० गुणिले १०८० च्या साध्या फुल एचडी मॉनिटरवर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख. प्रत्येक दृश्यासाठी बरोबर चौपट काम. जे कार्ड फुल एचडीवर गेम लोण्यासारखा चालवतं तेच ४के पडद्यावर धापा टाकतं. त्यामुळे साठ हजारांत, मॉनिटरसकट, फुल एचडी हे ठरवूनच टाकावं. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा प्रश्न, खेळणार काय? सईची यादी अशी होती: मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २, मोठे कथानकाचे गेम आणि 'राजी'. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० साली आलेला गेम; आपल्याकडचे असले गेम बोटावर मोजण्याइतके असल्यामुळे सईला त्याचं फार अप्रूप. या यादीतले व्हॅलोरंटसारखे गेम ग्राफिक्स कार्डाला फारसा त्रास देत नाहीत, तिथे सेकंदाला किती चित्रं निघतील हे बरंचसं प्रोसेसरवर ठरतं. मोठ्या कथानकाच्या गेममध्ये उलटं, सगळा भार कार्डावर. म्हणून एकाला उपाशी ठेवून दुसऱ्याला तुपाशी खाऊ घालून चालत नाही. माझा ढोबळ ठोकताळा असा की एकूण रकमेचा साधारण तिसरा हिस्सा ग्राफिक्स कार्डाला द्यावा आणि प्रोसेसर निदान सहा कोअरचा, अलीकडच्या पिढीतला घ्यावा.

एवढं घरी ठरवून आम्ही तिघं, मी, सई आणि भावजी, पार्कलेनला चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेलो. सगळं गाव त्याला सीटीसी म्हणतं. मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, तसं आम्हा हैदराबाद-सिकंदराबादकरांना हे. जिन्यात खोक्यांची चळत, दुकानात दिव्यांचा झगमगाट आणि "क्या होना बोलो" ही हाक. इथल्या दखनीत आपला 'नको' 'नक्को' होऊन मुक्कामाला आहे, त्यामुळे नाही म्हणायला मराठी माणसाला अडचण पडत नाही. आणि तिथे नाही म्हणावं लागतं बरं का.

पहिल्याच दुकानात आमच्यासमोर लाल-निळे दिवे लावलेला एक तयार पीसी ठेवला गेला. आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, काचेचं कॅबिनेट, किंमत फक्त बत्तीस हजार. भावजींचा चेहरा उजळला. साठाचे बत्तीस होणार म्हटल्यावर कोणाचाही उजळेल. मी फक्त "कोणत्या पिढीचा आय सेव्हन?" एवढं विचारलं. उत्तर आलं, ३७७०. हा प्रोसेसर २०१२ चा आहे. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही एकाच पिढीतली उतरंड आहे. पिढी बदलली की ती तुलना संपते. २०२२ च्या आय थ्री १२१०० मध्ये त्या जुन्या आय सेव्हनइतकेच, चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, आणि तरी तो कामात त्याला कितीतरी मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरांना अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतात, ते या मशीनवर मिळालेच नसते. नवं काचेचं कॅबिनेट, आत तेरा वर्षांचं यंत्र. हे मी भावजींना दुकानाबाहेर येऊन सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे जुनी मोटार नवा रंग मारून." अगदी तेच.

ग्राफिक्स कार्डांच्या नावांत याहून मोठी गंमत आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० घ्या. २०२२ साली आलेल्या कार्डात ८ जीबी मेमरी आणि २५६० कोअर आहेत. २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं कार्ड आलं, त्यात कोअर २३०४ आणि मेमरीचा रस्ता १२८ बिटांऐवजी ९६ बिटांचा. खोक्यावर दोन्हीकडे ३०५०. 'दोनच जीबीचा तर फरक आहे' असं म्हणून आपण घेतो, पण ते मुळात निराळं, हळू कार्ड असतं. जीटी १०३० मध्ये तर याहून वाईट प्रकार झाला. त्याच नावाच्या दुसऱ्या आवृत्तीत जीडीडीआर५ च्या जागी साधी डीडीआर४ मेमरी घातली आणि मेमरीचा वेग जवळजवळ एक तृतीयांशावर आला. म्हणून दुकानात जाताना नुसतं नाव लिहून नेऊ नका. नावापुढे मेमरी किती आणि कोणत्या प्रकारची, तेही लिहा आणि खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा.

आमचा खरा वाद एएमडीचं आरएक्स ६६०० आणि एनव्हिडियाची कार्डं यांच्यात झाला. आरएक्स ६६०० हे २०२१ चं, ८ जीबीचं कार्ड. त्या आठवड्यात आम्हाला ते वीस हजार तीनशेला मिळत होतं, आणि फुल एचडी गेममध्ये ते ३०५० च्या बरंच पुढे आहे. पण सईचा मुद्दा बिनतोड होता, "मामा, ब्लेंडरमध्ये रेंडर करताना एनव्हिडिया वेगवान असतं ना?" असतं. ब्लेंडर एएमडीच्या कार्डावरही चालतं, पण अंतिम चित्र काढण्याच्या कामात आरटीएक्स कार्डांचं पारडं जड आहे. तिचं मुख्य काम रेंडरिंगचं असतं तर मी १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० सुचवलं असतं. ते चार-पाच हजारांनी महाग पडत होतं आणि ते चार-पाच हजार कुठून तरी काढावे लागले असते, एकतर मॉनिटरमधून किंवा मदरबोर्डातून. तिला विचारलं, पहिली दोन वर्षं काय करणार? मॉडेलिंग, म्हणजे आकार घडवणं, आणि गेम इंजिन शिकणं. त्याला आरएक्स ६६०० पुरेसं आहे, रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, रात्री लावून झोपायचं. निर्णय तिने घेतला, मी नाही. पैसे तिचे होते.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००, सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, पंखा खोक्यातच येतो. इथे जाणकार वाचक म्हणतील, एएम४ हे जुनं सॉकेट कशाला? नवं एएम५ का नाही? प्रश्न रास्त आहे. एएम५ ला पुढची वर्षं नवे प्रोसेसर येत राहतील, एएम४ चा प्रवास संपत आलेला आहे. पण एएम५ वर फक्त डीडीआर५ मेमरी चालते, मदरबोर्ड महाग, आणि आमच्या हिशेबात एकूण फरक दहा हजारांच्या आसपास जात होता. ते दहा हजार कार्डातून कापले असते तर आज मिळणारा गेम हळू झाला असता, तोही चार वर्षांनी कधीतरी प्रोसेसर बदलता यावा म्हणून. भावजींच्या अटीप्रमाणे चार वर्षं बदल करायचाच नव्हता. तेव्हा एएम४. ज्यांच्याकडे ऐंशी हजार आहेत त्यांनी एएम५ च घ्यावं, असं माझं मत आहे.

एक खबरदारी. एएम४ चे जुन्या साठ्यातले काही मदरबोर्ड ५००० मालिकेचा प्रोसेसर ओळखत नाहीत, आधी त्यांचं बायोस अद्ययावत करावं लागतं. बी४५० घेणार असाल तर दुकानदाराकडून ते तिथेच करून घ्या. आम्ही बी५५० घेतला.

आता एसएमपीएस. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते आणि सगळ्यात जास्त नुकसानही. दुकानदार म्हणाला, कॅबिनेटबरोबर पाचशे वॅटचा एसएमपीएस फुकट. भावजी तोवर मागे स्टुलावर बसून होते. 'पाचशे वॅट' ऐकून ते उठले, तो डबा हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि बाजूचं लेबल वाचलं. बारा व्होल्टच्या रकान्यात सोळा अँपिअर लिहिलं होतं. "बारा सोळं एकशे ब्याण्णव. पाचशे कुठून आले?" दुकानदार हसला. काय बोलणार!

ही गोष्ट प्रत्येकाने शिकून घ्यावी. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज बारा व्होल्टच्या तारेतून घेतात. खोक्यावर पाचशे असो की सातशे, बारा व्होल्टला किती अँपिअर आहेत ते बघायचं आणि बाराने गुणायचं. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात, प्रोसेसरला जोरात असताना पाऊणशे, वर पंखे-डिस्क-बोर्ड धरले तर अडीचशेच्या घरात जातं. १९२ वॅटवाला डबा हे ओझं ओढू शकत नाही. गेमच्या ऐन मध्यात मशीन बंद पडेल, किंवा त्याहून वाईट, जाताना सोबत कार्ड घेऊन जाईल. आम्ही नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस तीन हजार नऊशेला घेतला. ८० प्लस हा शिक्का विजेचा अपव्यय किती कमी होतो ते सांगतो, सुरक्षिततेची हमी तो देत नाही. म्हणून शिक्क्याबरोबर कंपनीची वॉरंटी किती वर्षांची आहे तेही बघावं. या खरेदीनंतर भावजी पुढच्या सगळ्या दुकानांत आमच्या पुढे चालत होते.

बाकीचं पटापट सांगतो. रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या; एकच पट्टी लावली तर मेमरीचा एक रस्ता रिकामा राहतो आणि गेममध्ये ते जाणवतं. एसएसडी एक टीबीची एनव्हीएमई. मोठे गेम शंभर जीबीला सहज टेकतात, त्यामुळे २५६ जीबीत भागत नाही. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं. समोर काच असलेलं जास्त देखणं होतं, सईचा जीवही त्याच्यावर जडला होता, पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि काचेतून हवा येत नाही. दिवे मिळाले नाहीत, तीन पंखे मिळाले.

हिशेब असा झाला: प्रोसेसर ९,६००, मदरबोर्ड ८,२००, रॅम ३,३००, एसएसडी ४,९००, कार्ड २०,३००, एसएमपीएस ३,९००, कॅबिनेट ३,१०० आणि १०० हर्ट्झचा बावीस इंची मॉनिटर ६,३००. एकूण ५९,६००. कीबोर्ड-माऊस घरातले जुनेच. उरलेल्या चारशेत तिघांनी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं खाल्ली. प्रत्येक वस्तूचं जीएसटीचं पक्कं बिल घेतलं. कच्च्या बिलावर दुकानदार थोडे पैसे कमी करतो खरा, पण दोन वर्षांनी कार्ड बिघडलं तर वॉरंटी मागायला हातात कागद लागतो.

एक खर्च कोणीच धरत नाही, तो विंडोजचा. "फ्री में डाल देंगे" म्हणजे चोरीची प्रत, आणि ज्या यंत्रावर मुलगी अभ्यासाच्या फायली ठेवणार आणि आई ऑनलाइन पैसे भरणार त्यावर असली प्रत नको. परवान्याचे पैसे मी दिले, इंटर पास झाल्याबद्दल मामाकडून.

जोडणी घरी, जेवणाच्या टेबलावर, सईने केली. नव्या लोकांसाठी तीन गोष्टी. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नाही, ग्राफिक्स कार्डालाच लावा; ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसल्यामुळे पडदा काळाच राहतो आणि लोक पीसी बिघडला म्हणून परत दुकानात धावतात. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट बदला; १०० हर्ट्झचे पैसे मोजून ६० वर वर्षभर खेळणारे लोक मी पाहिले आहेत. अर्थिंग नीट असलेला तीन पिनांचा सॉकेट भावजींनी आधीच बसवून ठेवला होता. तो मला सुचलाही नव्हता.

ही यादी घेऊन आज बाजारात गेलात तर मात्र बेरीज जमणार नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भराभर चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी प्रचंड वाढली आणि कारखाने तिकडे वळले. रॅम महागली, पाठोपाठ एसएसडीही. अशा वेळी माझा सल्ला असा की रॅमची जुनी पट्टी घ्यायला हरकत नाही. तिच्यात झिजण्यासारखं काही नसतं, आणि एखादी रात्र मेमरी टेस्ट लावून ठेवली की दोष कळतो. जुना प्रोसेसरही चालेल. जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर विकणाऱ्याच्या घरी, त्याच्या मशीनवर अर्धा तास गेम चालवून, तापमान बघून आणि मूळ बिल मागून घ्या. खोटं नाव दाखवणारी कार्डंही बाजारात असतात, त्यामुळे बंद खोक्यातलं स्वस्त कार्ड कुरिअरने मागवू नका. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र कधीही जुने घेऊ नका.

आणि ज्या आईवडिलांना विजेच्या बिलाची काळजी आहे त्यांच्यासाठी: मॉनिटरसकट तीनशे वॅट धरा, रोज तीन तास, तीस दिवस. सत्तावीस युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर महिन्याला दोनशे सोळा. हा हिशेब भावजींनी माझ्याआधी, पाकिटाच्या मागच्या बाजूला करून ठेवला होता. खाली आणखी एक ओळ होती, दीड टनाचा एसी, तासाला दीड युनिट. सईची टेबलखुर्ची आता एसी नसलेल्या खोलीत, खिडकीजवळ आहे.